यादी उघडेपर्यंत

रत्नागिरीत सिव्हिल हॉस्पिटलच्या रस्त्याला, एका औषधाच्या दुकानाच्या वर, आमच्या संस्थेचं कार्यालय आहे. कार्यालय म्हणजे एक खोली, दोन टेबलं, एक लोखंडी कपाट आणि एक कॉम्प्युटर. आमची संस्था रक्तदात्यांची यादी ठेवते. एखाद्या पेशंटला दुर्मीळ गटाचं रक्त लागलं आणि रक्तपेढीत ते शिल्लक नसलं, की नातेवाईक जिना चढून आमच्याकडे येतात. मी यादीतून त्या गटाची माणसं काढते आणि एकेकाला फोन लावते. कुणी पावस गावाहून येतं, कुणी नाचण्याहून, हातातलं काम टाकून.

संस्थेत पगारी माणूस मी एकटी. कार्यवाह निवृत्त शिक्षक आहेत, सत्तरी ओलांडलेले. त्यांना सगळे सर म्हणतात. यादी मूळ त्यांची. गावोगावच्या शिबिरांत जाऊन, माणसाशी दोन शब्द बोलून त्यांनी एकेक नाव डायरीत उतरवलं आणि कॉम्प्युटर आल्यावर ती सगळी नावं एका बोटाने टाइप करून त्यात घातली. मी कामाला लागले तेव्हा यादी तयार होती आणि कॉम्प्युटरही नवा होता. बारा वर्षांत यादी वाढत गेली आणि कॉम्प्युटर म्हातारा झाला.

सकाळी बटण दाबलं की मी केर काढायची, पाणी भरायची, देवाच्या फोटोला फूल वाहायची, तरी पडद्यावर नुसतं गोल फिरत असायचं. यादीची फाइल उघडायला त्याहून जास्त वेळ. सकाळीच उघडून दिवसभर तशीच ठेवायची, असा उपाय मी केला होता. पण वीज गेली की सगळं पहिल्यापासून, कारण यूपीएसची बॅटरी केव्हाच गेलेली. छापील यादी एक होती. ती तीन पावसाळ्यांपूर्वीची आणि कपाटात ओल धरून कागद एकमेकांना चिकटलेले. नवीन कॉम्प्युटर घेऊ या, असं मी सरांना दोनदा म्हटलं होतं. "बघू, सभेत विषय ठेवू," असं ते म्हणत आणि विषय राहून जाई. मीही फार ताणून धरलं नाही. काम चाललं होतं ना.

मग ऑक्टोबरातल्या एका सकाळी एक माणूस आला. संगमेश्वरकडच्या एका खेड्यातला, तिशीच्या आतबाहेरचा. पायात चप्पल नव्हती; बहुतेक दवाखान्यातच राहिली असावी. बायकोचं बाळंतपण झालं होतं, मूल ठीक होतं, पण रक्तस्राव थांबत नव्हता. हातात डॉक्टरांची चिठ्ठी होती आणि चिठ्ठीवर बी निगेटिव्ह लिहिलं होतं.

वीज नुकतीच जाऊन आली होती. मी कॉम्प्युटर सुरू केला. तो समोर उभा राहिला. मी बसा म्हटलं, तो बसला नाही. पडद्यावरचं गोल फिरत होतं. मी माउस उगाच इकडेतिकडे हलवत होते, म्हणजे काहीतरी चाललंय असं त्याला वाटावं.

"बाय, अजून किती येळ?" त्याने विचारलं.

"उघडतंय. आत्ता उघडेल."

थोड्या वेळाने पुन्हा, "उघडला काय?"

"उघडेल हो."

तिसऱ्यांदा त्याने विचारलं नाही. टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून तो पडद्याच्या मागच्या बाजूला बघत राहिला, जिथून त्याला काहीच दिसत नव्हतं. फाइल उघडली तेव्हा माझ्या ब्लाउजची पाठ घामाने भिजली होती. दुसऱ्याच फोनला माणूस मिळाला, खेडशीचा, वीस मिनिटांत सिव्हिलला पोचला. बाई वाचली. दुसऱ्या दिवशी त्याने सांगून पाठवलं, पण माझ्या मनातून ती टेबलाची कड धरलेली बोटं काही जाईनात. आणखी दहा मिनिटं लागली असती तर? कॉम्प्युटर उघडलाच नसता तर?

त्या आठवड्यात मी नीट जेवत नव्हते. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना ते गोल डोळ्यांसमोर फिरायचं. दुरुस्तीवाल्याला मी चार वेळा फोन केला. तो चिपळूणहून येऊन इथली कामं करायचा. दर वेळी "उद्या नक्की, ताई," म्हणायचा. शेवटी मी राम आळीजवळच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. तिथं एक बाई बसते, माझ्याच वयाची. नवऱ्याबरोबर शिकत शिकत आता दुकान तीच बघते. मी सगळं सांगितलं. तिने तीन-चार प्रश्न विचारले आणि म्हणाली, "तुमची रॅम कमी पडतेय. दोन जीबीत आता काय होतंय? चारची एक पट्टी अजून टाका, सुधारेल."

"लावायला माणूस पाठवाल का?"

"माणूस कुठाय? मीच आहे. दुकान टाकून येऊ कशी? सीपीयू इथं घेऊन या, पाच मिनिटांत लावून देते."

सीपीयू दुकानात न्यायचा म्हणजे तेवढा वेळ कार्यालयात यादी नाही. तेवढ्यात कुणी आलं तर? मी म्हटलं, "मी लावू शकेन का?"

तिने माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "शकाल की. फक्त बरोबर पट्टी पाहिजे. जुन्या मशीनची वेगळी असते, खाच जुळत नाही." तिने मॉडेलचा नंबर मागितला. मी मोबाइलवर सीपीयूच्या मागच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवला होता, तो दाखवला. तिने एका पातळ डबीतून पट्टी काढली, हिरवी, बोटभर लांब, एका कडेला सोनेरी दात. "दातांना हात लावू नका. आधी वायर काढा, मग पत्र्याला हात लावून घ्या, अंगातली वीज उतरते. दोन्ही बाजूंच्या चिमट्या टक् करून बसल्या पाहिजेत." हे तिने मला दोनदा म्हणून दाखवायला लावलं.

सरांना मी सांगितलं नाही. परवानगी मागितली असती तर सभा आली असती, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे ते नको म्हणतील, ही भीती होती.

दुसऱ्या दिवशी सव्वाला, जेवणाच्या सुट्टीत, मी दाराला आतून कडी घातली. त्या वेळी सहसा कुणी येत नाही, आणि सर चारला येत. वायर काढली, सीपीयू टेबलावर आडवा केला, स्क्रू काढून बशीत ठेवले. पत्रा सरकवला तर आतून धुळीचा लगदाच निघाला, खाली कोपऱ्यात पालीची दोन अंडी. जुनी पट्टी दिसली. तिच्या शेजारची खाच रिकामी होती. पण नवी बसवायला हात पुरेना, म्हणून मी जुनी आधी काढली. ही चूक. चूक आहे हे तेव्हा कळलं नाही. दोन्ही पट्ट्या लावल्या, दाबल्या, टक् आवाज आला. वायर जोडली. बटण दाबलं.

पंखा फिरला. पडदा काळाच. मग सीपीयूतून लांब, एकसुरी आवाज आला. थांबला. पुन्हा आला. पुन्हा. तीनदा, मग थोडं थांबून पुन्हा तीनदा.

मी बटण दाबून बंद केला. नवी पट्टी काढली, फक्त जुनी ठेवली. सकाळी याच पट्टीवर चालत होता, म्हणजे आता चालायलाच हवा. बटण दाबलं. पुन्हा तोच आवाज, तीनदा.

नव्याने चालला नाही, हे मी समजू शकत होते. पण होतं तसंसुद्धा होईना, म्हणजे मी काहीतरी मोडलं होतं. यादी आत होती. दुसरीकडे कुठेच नव्हती. पेन ड्राइव्हवर एक प्रत काढून ठेवायची, हे मी वर्षभर ठरवत होते. वर्षभर!

दुकानाला फोन लावला. वाजून वाजून थांबला. घड्याळात दीड वाजून गेला होता. रत्नागिरीत दीड ते चार दुकानं बंद, बाजारात मांजरसुद्धा हलत नाही. बाईचा मोबाइल नंबर मी घेतलाच नव्हता. चिपळूणवाल्याचा फोन बंद.

मी खुर्चीवर बसले. देवाची प्रार्थना करावी असं वाटलं आणि तीसुद्धा धड आठवेना. एकच वाटत होतं, फोन वाजू नये. जिन्यावर पावलं वाजू नयेत. खाली औषधाच्या दुकानासमोर रिक्षा थांबली की मी उठून खिडकीशी जायची. एक म्हातारा उतरला, औषधं घेतली, गेला. मी परत बसले.

आणि फोन वाजलाच. पलीकडे एक बाई चिपळूणहून बोलत होती, मुलाने शिबिरात रक्त दिलं त्याचं प्रमाणपत्र कॉलेजात हवं होतं. "देते, उद्या देते," म्हणाले आणि फोन ठेवल्यावर मला रडू आलं.

मग मी कपाटातली चिकटलेली यादी काढली. पानं सुटी करायला गेले तर अक्षरं समोरच्या पानावर उमटली होती, दोन नावं एकात एक. एक पान फाटलं. मी ते तसंच ठेवलं आणि कोरा कागद घेतला. वर लिहिलं, ओ निगेटिव्ह. निगेटिव्ह गटाची माणसं तशीही थोडीच, आणि त्यांतल्या जवळच्या काहींनाच मी वारंवार फोन करायची. पहिला आठवला साळवी स्टॉपचा रिक्षावाला. त्याचा नंबर माझ्या मोबाइलात होता, कारण एकदा लँडलाइन बंद होती तेव्हा मी माझ्या फोनवरून केला होता. त्याच्या खाली दुसरं नाव. मग तिसरं काही केल्या आठवेना.

दारावर थाप पडली. अडीच वाजले होते. सर होते. घरी वीज नव्हती, उकाड्यात झोप येईना, म्हणून लवकर आले होते.

कडी काढली तेव्हा टेबलावर सीपीयू उघडा पडलेला, बशीत स्क्रू, आणि माझे डोळे लाल. काही लपवण्यासारखं राहिलंच नव्हतं. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. त्या माणसाचं, दुकानाचं, पट्टीचं, प्रत नसल्याचं. "सर, मला काढून टाकलंत तरी चालेल," असंही म्हणाले. आता आठवलं की स्वतःचंच हसू येतं, पण तेव्हा मी ते मनापासून म्हटलं होतं.

सरांनी वाकून सीपीयूच्या आत पाहिलं. मग खुर्चीवर बसले.

"डायरी होती माझ्याकडे," ते म्हणाले. "दोन डायऱ्या. कॉम्प्युटरात आलंय सगळं, आता कशाला, म्हणून मी त्या रद्दीत घातल्या. हिने सांगितलं होतं, राहू देत म्हणून." हिने म्हणजे त्यांच्या पत्नीने. ती गेल्याला तेव्हा चार वर्षं झाली होती.

"किती लिहिलीत?" त्यांनी माझ्या कागदाकडे बोट केलं.

"दोनच."

"द्या इकडे. तुम्ही गट सांगा, मी माणसं सांगतो."

त्यांना नावं आठवेनातच मुळी. त्यांना माणूस आठवायचा. "मिरकरवाड्याची ती, जाळी विणते, रक्त देताना डोळे मिटून घेते." "भाट्याचा तो बागवाला, मुलीच्या साखरपुड्यातून उठून आला होता." "गणपतीपुळ्याच्या लॉजवर स्वयंपाक करतो तो, हेदवीचा, बोलताना अडखळतो." मी त्यावरून नाव सांगायची, त्यांना गाव आठवायचं, मला नंबराचे शेवटचे आकडे. माझ्या मोबाइलातून काही नंबर निघाले, काही त्यांच्या. तासाभरात सगळ्या निगेटिव्ह गटांची मिळून सत्तावीस माणसं झाली.

"लावा फोन," सर म्हणाले. "नंबर बरोबर आहेत का बघू. आत्ता कुणी आलं तर निदान एवढी माणसं तरी हवीत."

म्हणून मी लावत गेले. रिक्षावाला म्हणाला, "कुठे येऊ? पाच मिनिटांत पोचतो." त्याला समजावून थांबवावं लागलं. लॉजवरच्या हेदवीच्या माणसाला साखर झाली होती, इन्शुलिन चालू होतं, आता रक्त घेत नाहीत त्याचं. त्याला ते कळवायचं राहून गेलं म्हणून तोच माझी माफी मागत होता. एक मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली होती. आणि भाट्याच्या बागवाल्याचा फोन त्याच्या सुनेने उचलला.

"बाबा गेले ना," ती म्हणाली. "मागच्या दिवाळीत. तुम्हाला कळलं नाही?"

मी फोनवर हात ठेवून सरांना सांगितलं. सरांनी फोन माझ्या हातातून घेतला. "बाळ, मी सर बोलतोय," असं म्हणून ते तिच्याशी बराच वेळ बोलले, बागेबद्दल, आजाराबद्दल. फोन ठेवल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. "वर्ष होत आलं," ते म्हणाले. "आणि आपल्या यादीत तो आहे. पहिल्या पाचात आहे."

माझ्या मनात एकदम आलं, ही तिघंही ओ निगेटिव्हची; त्या दिवशी बी ऐवजी तोच गट लागला असता आणि रिक्षावाला मिळाला नसता, तर फाइल उघडल्यावरही मी आधी कुणाला फोन लावला असता? एका गेलेल्या माणसाला. मग साखर झालेल्याला. मग पुण्याला. आणि तो समोर टेबलाची कड धरून उभा. दुपारपासून मी त्या पट्टीला घाबरत होते. आता भीती वेगळीच झाली आणि ती जास्त खोल होती.

चारला मी पुन्हा दुकानात फोन लावला. बाईने उचलला. मी फोन स्पीकरवर टाकून सरांच्या हातात दिला, कारण माझे दोन्ही हात लागणार होते.

"तीन वेळा वाजतंय ना? मग रॅम दिसत नाहीये त्याला," ती म्हणाली. "घाबरू नका. यादी हार्ड डिस्कमध्ये असते, रॅममध्ये नसते. रॅम काढली तरी यादीला काही होत नाही."

"काही म्हणजे काही होत नाही?" सरांनी विचारलं.

"नाही हो सर. मशीन अगदीच चाललं नाही तर डिस्क काढून दुसऱ्याला लावू. आता खोडरबर आहे का तिथे?"

खणात होता, अर्धा झिजलेला.

"जुन्या पट्टीचे सोनेरी दात त्याने घासा. हलक्या हाताने, दोन्ही बाजूंनी. आपल्याकडे खारा वारा, वरून चार महिने ओल. दातांवर थर धरतो. जागेवर होती तोवर कशीबशी चालली, तुम्ही काढून परत लावलीत आणि हलली."

मी घासलं. खोडरबर काळा पडला. मग खाचेतली धूळ सरांच्या रंगाच्या ब्रशने झाडली. तो ब्रश सर प्रमाणपत्रांवर नावं रंगवायला वापरत. "आधी जुनीच एकटी लावा," बाई म्हणाली. "दोन्ही चिमट्या बघा. दोन्ही."

एक चिमटी वर आलेली होती. मी अंगठ्याने दाबलं. एवढं दाबलं की पट्टी मोडेल असं वाटलं, आणि मग टक् झालं. बटण दाबलं. एक छोटा आवाज आला आणि पडद्यावर उजेड आला.

"आला," सर फोनमध्ये म्हणाले.

"मग आता बंद करा, वायर काढा आणि नवी लावा."

मला अजिबात लावायची नव्हती. चाललंय ना, राहू दे, असं मी म्हटलं. सर म्हणाले, "एवढी दुपार घालवलीत, आता लावाच." नवीही बसली. फाइलवर क्लिक केलं आणि मी सवयीने हात मांडीवर ठेवून वाट बघायला लागले, तर यादी समोर होती. भाट्याच्या बागवाल्याचं नाव चौथ्या ओळीत होतं. सरांनी स्वतः येऊन, एका बोटाने, ती ओळ काढली. कितीतरी वेळ लागला त्यांना.

त्याच संध्याकाळी मी दोन पेन ड्राइव्ह आणले. एक प्रत माझ्या घरी, एक सरांच्या. दर महिन्याला यादी छापून प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवते, कपाटात नाही, टेबलावर. भीती मात्र गेली नाही. कॉम्प्युटर झटकन उघडतो, पण उघडल्यावर समोर जी नावं येतात ती खरी आहेत का, हे तो सांगत नाही. म्हणून दर सोमवारी सकाळी मी दहा जणांना फोन करते. रक्त लागतंय म्हणून नाही, नुसतंच. कुणाचं ऑपरेशन झालेलं असतं, कुणी नंबर बदललेला असतो, कधी कुणी दुसऱ्याचा नंबर देतं आणि म्हणतं, याचाही गट तोच आहे, याला विचारा. त्यातून पाच नवी माणसं मिळाली.

मिरकरवाड्याच्या जाळी विणणाऱ्या बाईंना गेल्या सोमवारी तिसऱ्यांदा फोन गेला. मागे समुद्राचा आणि मासळीच्या लिलावाचा आवाज येत होता.

"काय गो," त्या म्हणाल्या, "मी जिती हाय का ता बघायला फोन करतंस काय?"

"हो," म्हटलं.

"हाय हो हाय," त्या जोरात हसल्या. "ठेव आता. बोट लागली."